सत्तावीस वर्षं व्हॉल्व्ह आणि एक चमचा

*नमस्कार ताई,*

*माझं वय ५१. गेली २७ वर्षं एका कारखान्याच्या डिझाइन विभागात आहे, व्हॉल्व्हची ड्रॉइंग काढतो. पगार वेळेवर होतो, माणसं वाईट नाहीत, तरी सुटीच्या संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी वडिलांना पक्षाघात झाला. उजव्या हातातली ताकद गेली, चमचा धरता येईना. मी पाइपवर चढवतात तो फोम चमच्याच्या दांड्यावर बसवला. ४ मिलिमीटरचा दांडा ३२ वर नेला, चमच्याची मान २० अंशांनी आत वळवली. पाचव्या दिवशी बाबांनी आपल्या हाताने घास घेतला. सात महिन्यांपूर्वी ते गेले. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: नोकरी सोडायची, ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजारी किंवा अपंग माणसाला रोजची कामं पुन्हा आपल्या हाताने करता यावीत, यासाठीच्या उपचारांच्या) पदवीला प्रवेश घ्यायचा आणि पुढचं आयुष्य कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. बायको नाही म्हणत नाही, पण विषय निघाला की हिशेबाची वही आणून समोर ठेवते. मुलाच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी आहेत. भाऊ म्हणतो, पन्नाशीत हे काय खूळ? तुम्हीच सांगा, उशीर झाला का?*

*— एक ड्रॉइंगवाला*

नमस्कार,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. जागेअभावी इथे आटोपशीर केलंय, पण चारही पानं मी दोनदा वाचली. साडेतीन पानं नोकरीबद्दल आहेत आणि वर्षं मोजलेली सोडली तर त्यांत एकही आकडा नाही. ‘तेच ते’, ‘कंटाळा’, ‘अर्थ उरला नाही’, असले ढोबळ शब्द. चमच्याबद्दल जेमतेम अर्धं पान आहे, आणि त्यात मिलिमीटर आहेत, अंश आहेत, फोम कितव्या दिवशी घसरायला लागला आणि मग आतून काय लावलं हेही आहे. म्हणून मी चमच्यापासूनच सुरुवात करते. वयाचं नंतर बघू, ते त्यामानाने सोपं आहे.

मला विचाराल तर तुम्हाला व्हॉल्व्हचा वीट आलेला नाही. आपलं ड्रॉइंग शेवटी कुणापर्यंत पोचतं हे २७ वर्षांत एकदाही दिसलं नाही, त्याचा आलाय. चमच्याच्या वेळी तुमचं काम जिथे पोचायचं तिथे पोचताना तुम्ही समोर बसून पाहिलंत.

हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमधला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथली मुलं पाळीभर फोन फिरवून विद्यापीठासाठी देणग्या मागायची. नकार ऐकून कान किटलेले. त्यांतल्या काही जणांची, ज्याचं शिक्षण अशाच देणग्यांच्या शिष्यवृत्तीवर चाललं होतं अशा एका विद्यार्थ्याशी, पाच मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने मोजलं तर या मुलांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. खुर्ची तीच, फोन तोच, समोरून येणारे नकारही तेच.

एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ साली इस्पितळातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं तेही असंच. काम एक, वॉर्ड सारखे. पण काही जण ‘फरशी पुसतो’ म्हणायचे, तर काही जण आपण रुग्णाला बरं करण्याच्या कामात आहोत असं मानायचे आणि वागायचेही तसंच. रुग्ण, नातेवाईक, नर्स यांच्याकडे त्यांचं लक्ष असायचं, कुणी न सांगता चार गोष्टी जास्तीच्या करायचे.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं आहे. तुमचा व्हॉल्व्ह कुठे बसतो ते एकदा जाऊन बघा. विक्रीवाल्यांना विचारा, देखभालीच्या माणसाबरोबर एखादी फेरी मारा, तो व्हॉल्व्ह रोज उघडबंद करणाऱ्याला विचारा की चाक फिरवताना हात कुठे अडखळतो. २७ वर्षांत हे सुचलं नाही याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. डिझाइनवाल्याला जागेवर न्यायची पद्धतच बऱ्याच ठिकाणी नसते. एवढ्याने तुमचं समाधान होईल असं मला वाटत नाही, खरं सांगते. पण पुढे कधी तरी ‘आपण उगाच सोडलं का’ असा प्रश्न रात्री जागवेल, त्याचं उत्तर आजच मिळवून ठेवलेलं बरं.

आता जरा कटू बोलते.

बाबांना जाऊन सात महिने झालेत. राजीनामा इतक्यात लिहू नका. तुम्हाला ते काम हवंय की बाबांचा तो घास पुन्हा बघायचाय, हे आज तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त दुसऱ्या कारणासाठी कुणी पदवी घेऊ नये. वर्गात बाबा भेटणार नाहीत. भेटेल तो एखादा चिडलेला, परका माणूस, ज्याला तुमचा चमचा नकोच असेल.

हे घाबरवायला म्हणत नाहीये. अपंगत्व असलेल्या २२७ प्रौढांना त्यांच्या सहायक साधनांबद्दल विचारून केलेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. २९.३ टक्के साधनं त्यांनी पार टाकून दिली होती. कारणांमधलं एक ठळक कारण म्हणजे साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत कुणी धड विचारलंच नव्हतं. बाबांच्या वेळी तुम्ही पाच दिवस त्यांच्याशेजारी बसून होतात. फोम घसरला की बदललंत, पुन्हा घसरला, पुन्हा बदललंत. चमचा चालला तो ३२ मिलिमीटरमुळे कमी आणि त्या पाच दिवसांमुळे जास्त, असं मला वाटतं. परक्या माणसाबरोबर तेवढा धीर राहतो का, हे घरी बसून कळण्यासारखं नाही.

आणि थेरपिस्टचा साधा मंगळवार कसा असतो, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तरी त्याचा उल्लेख नाही. एखाद्या थेरपिस्टला भेटा, पण ‘हे काम तुम्हाला आवडतं का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काल सकाळपासून काय काय केलंत ते क्रमाने सांगा’ असं विचारा. मग ऐकायला मिळेल: गोनिओमीटर लावून सांध्याचे कोन मोजले, डायनॅमोमीटरवर पकडीची ताकद घेतली, एकाच बाईंकडून तेच बटण पुन्हा पुन्हा लावून घेतलं, नोंदी लिहिल्या, आणखी नोंदी लिहिल्या, मुलाला समजावलं की आईला सगळं हातात आयतं देऊ नका. सुधारणा दिसली तर दिसली. हे ऐकताना तुमचे डोळे कुठे चमकतात ते बघा. कोन मोजताना चमकले आणि समजूत घालताना पेंगले, तर ती पदवी तुमच्यासाठी नाही.

माझा अंदाज सांगू? तुमच्यासाठी शेजारचं दार आहे. सॅम फार्बर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आयुष्यभर स्वयंपाकघरातली भांडी बनवण्याच्या धंद्यात होते. कंपनी विकून निवृत्तही झाले. त्यांच्या पत्नीच्या हातांना संधिवात होता, साल काढायची सोलणी तिच्या बोटांत नीट बसेना. साठी उलटलेला हा माणूस पुन्हा कामाला लागला आणि १९९० साली ‘ऑक्सो’ या नावाने जाड, मऊ मुठीची अवजारं बाजारात आली. मुठीची कल्पना सायकलच्या हँडलवरच्या रबरावरून घेतलेली. फार्बर संधिवाताचे डॉक्टर व्हायला गेले नाहीत, हे मला यात फार आवडतं. त्यांना वस्तू कळत होत्या, कारखाने कळत होते, दुकानदार कळत होते. तीस-पस्तीस वर्षांचा तो ऐवज त्यांनी फेकून दिला नाही, फक्त पत्नीच्या बोटांसमोर नेऊन मांडला.

तुमच्याकडेही ऐवज आहे. दांडा कितीला तुटेल, कुठला प्लॅस्टिक घामाने चिकट होतो, एकाच भागाचे पन्नास नग एकसारखे कसे काढायचे, हे पदवीच्या वर्गातल्या कुणालाच तुमच्याइतकं येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीच अब्जांहून जास्त लोकांना एखाद्या तरी सहायक साधनाची गरज आहे. यात चष्मेही आले, तरी आकडा छोटा नाही. कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळा, पुनर्वसन केंद्रांतलं साधनं बेतण्याचं काम, व्हीलचेअरच्या बैठका, घरातल्या कड्या-नळ-पायऱ्या माणसाला जुळवून देणं, या सगळ्याला ड्रॉइंगवाला लागतो. २०१३ पासून ‘ई-नेबल’ नावाची स्वयंसेवकांची एक जगभरची साखळी थ्री-डी प्रिंटरवर मुलांसाठी कृत्रिम हात बनवते. नोकरी न सोडता अशा ठिकाणी हात घालता येतो.

‘नोकरी न सोडता’ हे मी मुद्दाम म्हणतेय, कारण मी उलटं केलं होतं. ४४ व्या वर्षी, एका दुपारच्या रागात, राजीनामा टेबलावर ठेवला आणि शाळेत शिकवायला गेले. मुलं आवडायची. पण शिकवणं होतं दिवसाचे दोन-अडीच तास, बाकी वेळ गुणांच्या याद्या, हजेरीचे गोषवारे आणि वर्गाबाहेर उभ्या मुलाला आत घ्यायचं की नाही यावरच्या बैठका. आठ महिन्यांत मी हात टेकले. शाळेची चूक काहीच नव्हती. आधी चार शनिवार जाऊन मागच्या बाकावर बसले असते तर मला कळलं असतं की मला वर्ग नकोय, एका वेळी एक माणूस हवाय. पुढे प्रौढांना लिहायवाचायला शिकवायला लागले, लोकांची पत्रं लिहून द्यायला लागले, आणि फिरत फिरत इथे तुमच्या पत्रापर्यंत आले. पण मधली दीड वर्षं घरच्यांनी काढली, मी नाही.

जोखीम मोजणाऱ्यांनीही हेच पाहिलंय. रॅफी आणि फेंग या दोघा संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की नोकरी ठेवून धंदा सुरू करणारे आणि मग पूर्णवेळ उतरणारे, यांचा धंदा बसण्याचा धोका एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी होता. तुम्ही धंदा काढत नाही आहात, पण तर्क लागू पडतो. नोकरी असताना चुका स्वस्तात होतात.

मग कुठे जायचं? भावाला विचारू नका. तो तुमच्या वाईटावर नाही, पण त्याच्या लेखी तुम्ही २७ वर्षांपूर्वीच ‘ड्रॉइंगवाला’ म्हणून पक्के झालात. जवळच्यांचं हे असंच असतं, त्यांच्याकडे आपला जुना फोटो असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेला निष्कर्ष अजून टिकून आहे: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वरचेवर भेटणाऱ्याकडून मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे, रोज भेटणाऱ्याला तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. मला ते प्रौढांच्या वर्गाचं काम दहा वर्षांत दोनदा भेटलेल्या एका बाईंनी सांगितलं होतं. बाबांना व्यायाम द्यायला जे कुणी येत होते, त्यांचा नंबर अजून फोनमध्ये असेल. तिथून सुरुवात करा. ‘मला काम द्या’ म्हणू नका. ‘शनिवारी येऊन बसू का, मोडलेलं काही असेल तर दुरुस्त करतो’ असं म्हणा. दुरुस्ती करणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

आता वहिनींची वही. ‘नाही’ न म्हणता वही पुढे ठेवणारी बायको तुम्हाला अडवत नाहीये, ती विचारतेय की यात आम्ही कुठे आहोत. तिच्या शेजारी बसून दोघांनी मिळून एक प्रयोग करा. पुढचे सहा महिने पगार अर्धाच येतो असं समजून घर चालवा. मुलाची फी, विमा, औषधपाणी यांना हात लावायचा नाही, त्यांची सोय आधी वेगळी काढा. उरलेल्या रकमेतल्या अर्ध्यात घर, आणि अर्धी बाजूला, जणू आलीच नाही. सहा महिन्यांनी जमतं की नाही ते कळेल, आणि जमलं तर तशाच आणखी सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक गाठीला असेल. तिसऱ्याच महिन्यात घर कुरकुरायला लागलं तर तेही कळलेलं बरं. आणि पदवीचा खर्च वहीत मांडाल तेव्हा फीबरोबर त्या सगळ्या वर्षांचा न आलेला पगारही लिहा. तो आकडा बहुतेक जण लिहायचं टाळतात.

याला जोडूनच एक सावधगिरी. २००९ साली बंडरसन आणि थॉम्पसन या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना ते काम म्हणजे आपला जन्माचा वसा वाटत होता, त्यांना त्यात अर्थ भरपूर सापडत होता. पण पगार, आराम, स्वतःचा वेळ यांवर पाणी सोडायचीही त्यांची जास्त तयारी होती, आणि संस्थेने आपल्या या ओढीचा गैरफायदा घेऊ नये याबद्दल ते जास्त साशंकही होते. उपयोगी कामाला लोक फुकटचं समजतात आणि करणाराही पैसे मागायला संकोचतो. तुम्ही तर नक्की संकोचाल, पत्रात पगाराबद्दल तीनदा माफी मागितली आहे. पहिले काही शनिवार फुकट ठीक. त्यानंतर आपल्या वेळेचा दर काय, हे वहिनींनाच ठरवू द्या.

एवढं ‘थांबा, थांबा’ ऐकून तुम्ही आणखी पाच वर्षं थांबाल, अशीही मला भीती आहे. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी, निर्णयच होत नाही अशा लोकांना संकेतस्थळावर चक्क नाणं उडवायला लावलं होतं. नोकरी सोडू का, हा त्यातला एक प्रश्न. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. मोठ्या प्रश्नांवर ज्यांना ‘बदल करा’ असा कौल मिळाला, ते सहा महिन्यांनी ‘आहे तसं राहा’वाल्यांपेक्षा समाधानी निघाले. अर्थात ही सगळी आधीच कुंपणावर बसलेली माणसं, राजीनामा नाण्यावर सोडा असं मी सांगत नाही. पण मुदत हवी. सहा महिने शनिवार आणि वही, दोन्ही एकदमच सुरू करा. तोवर बाबांना जाऊन वर्षही उलटेल. त्या दिवशी तुम्ही दोघं बसा आणि ठरवा: आठवड्याचे दिवस कमी करून मागायचे, दुसरी नोकरी बघायची, की मुलाची दोन वर्षं पुरी होईपर्यंत शनिवारच चालू ठेवायचे. यातला कुठलाही निर्णय पराभवाचा नाही, शनिवारचासुद्धा.

हो, वय राहिलंच. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय ४५ भरलं, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यश जास्त. तेव्हा उशीर झालेला नाही. पदवीला थोडा झालाय, चमच्यांना नाही.

तुम्ही लिहिलंय की बाबांचा चमचा अजून ड्रॉवरमध्ये आहे. पहिल्या शनिवारी तो बरोबर न्या, पण पिशवीतच राहू द्या. आधी तिथे बसलेल्या माणसाच्या हातात कुठला चमचा आहे आणि तो कुठे घसरतोय, ते बघा. आणि हो, मापं घ्यायचं व्हर्निअर न्यायला विसरू नका.